हात वर करणे

बाजारपेठेत ‘हात वर करणे’ या शब्दप्रयोगाला चांगला अर्थ नाही. देणे थकले की कर्जदार हात वर करतो. बँकेतील छत्तीस वर्षांच्या नोकरीत असे वर गेलेले हात मी पुष्कळ पाहिले. गेल्या वर्षी जुलै महिन्यात मात्र मनाली ते लेह या रस्त्यावर चार दिवस मी स्वतःच हात वर करीत होतो, आणि या क्रियेला दुसराही एक अर्थ आहे, हे मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी समजले.

निमित्त धाकट्या चिरंजीवांचे. त्याने मनालीत मोटारसायकल भाड्याने घेतली आणि डॉक्टरांची संमती मिळवून मी मागच्या आसनावर बसलो. २०२० साली खुला झालेला, नऊ किलोमीटरहून किंचित अधिक लांबीचा अटल बोगदा ओलांडला की देवदारांचा दाट हिरवा प्रदेश मागे राहतो आणि लाहौलचे उघडेबोडके डोंगर समोर येतात. तेथेच समोरून एक मोटारसायकलस्वार आला. आमच्याकडे पाहून त्याने मान लवविली, चिरंजीवांनीही लवविली.

“ओळखीचा होता का रे?” मी विचारले.

“नाही बाबा. समोरून मोटारसायकलवाला आला की इथे असा नमस्कार करतात.”

थोड्या वेळाने तो म्हणाला, “माझा उजवा हात ॲक्सिलरेटरवर असतो, आणि डावा समोरच्याला नीट दिसत नाही. तुमचे दोन्ही हात मोकळे आहेत. यापुढे हात तुम्हीच करा.”

अशा रीतीने निवृत्तीनंतर मला पुन्हा एक काम मिळाले.

या कामामागचे शास्त्र मजेदार आहे. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून समोरून येणारा आपल्या उजव्या हाताला येतो. पण वेग कमीजास्त करणारी मूठ उजवीकडेच असते आणि ती सोडता येत नाही. म्हणून इंग्लंडमध्ये, जेथे आपल्यासारखीच डावी बाजू आहे, मोटारसायकलस्वार एकमेकांना मानेनेच नमस्कार करतात. अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात. समोरचा स्वार डाव्या बाजूने जातो आणि डावा हात क्षणभर मोकळा करता येतो. तो हात कमरेच्या खाली नेऊन दोन बोटे जमिनीकडे दाखवायची, ही तेथील पद्धत. तुझी दोन्ही चाके जमिनीवर राहोत, असा तिचा अर्थ सांगतात. फ्रान्समध्ये मोटारीने बाजूला सरून वाट दिली तर स्वार उजवा पाय किंचित बाहेर काढून आभार मानतो. आपल्याकडे पाय दाखविणे हा अपमान. तेथे ते सौजन्य. या प्रथेचा आरंभ १९०४ साली हार्ले आणि डेव्हिडसन या कारखानदार मित्रांनी रस्त्यात एकमेकांना केलेल्या नमस्कारातून झाला, अशी एक आख्यायिका आहे. खरे कारण अधिक साधे असावे. रस्त्यावर यंत्रे थोडी होती, ती वारंवार बिघडत, आणि समोरून येणारा हाच काय तो मदतनीस असे.

चंद्रा आणि भागा या नद्यांचा संगम तांदी येथे होतो. पंढरपूरचे नाव इतक्या उत्तरेला भेटल्याने मन सुखावते, पण तेथील पेट्रोल पंपावरची प्रसिद्ध पाटी प्रवाशाला लगेच भानावर आणते: पुढील पंप ३६५ किलोमीटरवर. त्यापुढे मोठ्या टप्प्यात मोबाइल लागत नाही, दवाखाना नाही, वस्ती विरळ. समोरच्या स्वाराने उंचावलेला हात येथे निव्वळ शिष्टाचार राहत नाही. ‘मी तुला पाहिले आहे’ असे तो सांगत असतो. खाली दाबलेला तळवा म्हणजे वेग कमी कर, पुढे धोका आहे. बोललेले ऐकू न येणाऱ्या माणसांची ती भाषाच आहे.

प्रारंभी मला संकोच वाटे. माणूस ओळखीचा आहे अशी खात्री पटल्यावाचून हात उचलण्याची सवय नव्हती. किंबहुना आमच्या गावी, ओळखीचा असूनही ज्याला पाहताच मी चष्मा पुसू लागतो, असा एक माणूस नऊ वर्षे आहे. येथे तर विचार करण्यास अवधीच नसतो. वळणाआडून स्वार येतो आणि दोन क्षणांत निघून जातो. हात आधी उचलावा लागतो, माणूस कोण हे कधीच कळत नाही. पहिल्या दिवशी सवयीप्रमाणे मी हिशेब ठेवला. आपण किती हात केले, किती परत आले. लष्करी ट्रकचे चालक हात करीत होते, सायकलवरून घाट चढणारे विदेशी तरुण धापा टाकीत हात करीत होते. दुपारपर्यंत मी मोजणे सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी बारालाचा खिंडीच्या अलीकडे आमची परीक्षा झाली. तेथे वितळलेल्या बर्फाचे ओहोळ रस्त्यावरून वाहतात. सकाळी ते घोट्याएवढे असतात, पण ऊन चढले की फुगतात. आम्हांला निघण्यास उशीर झाला होता. ओहोळाच्या मध्यावर गाडी बंद पडली. गुडघाभर बर्फाळ पाण्यात उतरून चिरंजीव गाडी सावरू लागला. मीही उतरलो, पण त्या उंचीवर चार पावलांत श्वास पुरेना.

पलीकडून तीन मोटारसायकली आल्या. गाड्यांवर केरळच्या पाट्या होत्या. त्यांनी काही विचारले नाही. गाड्या उभ्या केल्या, बूट न काढता पाण्यात शिरले आणि आमची गाडी काठावर आणली. एकाने मला दगडावर बसविले, माझे भिजलेले मोजे काढून आपल्या पिशवीतील कोरडे मोजे स्वतः चढविले. गाडी सुरू होण्यास अर्धा तास लागला; तोवर ते हलले नाहीत. आमच्याजवळ सौभाग्यवतींनी दिलेला खाकऱ्यांचा डबा होता, तो सर्वांनी उभ्याउभ्या संपविला. मोजे परत पाठविण्यासाठी मी वही काढून पत्ता विचारला, तेव्हा तो तरुण नुसता हसला. गाड्या सुरू झाल्या, तीन हात वर गेले.

बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात, आणि ताळेबंदापूर्वी ते खाते निकाली काढावे लागते. हे मोजे कोणाच्या नावे जमा करावेत, हा विचार सरचूच्या तंबूत रात्रभर छळत राहिला. उंचीमुळे झोप नव्हतीच.

त्या रात्री मला चष्मा पुसण्याची आठवण झाली. तो माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ. मी नोकरी धरली, त्याने वडिलांचे दुकान सांभाळले. वडिलांच्या पश्चात वाटणीवरून शब्द वाढले. कायद्याने माझी बाजू बरोबर आहे आणि तसे कागद माझ्याजवळ आहेत. नऊ वर्षे रोज सकाळी मंदिरातून परतताना मी त्याच्या दुकानावरून जातो. ज्यांची नावे मला कधी कळणार नाहीत अशा शेकडो माणसांना मी दोन दिवसांत हात केला होता. ज्याला बोट धरून शाळेत नेले त्याला नऊ वर्षांत केला नव्हता.

पुढे गाटा लूप्सची एकवीस वळणे आली, मोरेचे विस्तीर्ण पठार आले, सतरा हजार फुटांहून उंच तांगलांग खिंड आली. सौंदर्य वर्णावे तेवढे थोडे. पण माझे लक्ष समोरून येणाऱ्यांकडेच अधिक होते. लेहच्या बाजारात शिरताच रहदारी वाढली आणि हात थांबले. जेथे माणसे पुष्कळ तेथे कोणी कोणाला हात करीत नाही.

घरी परतल्यावर दुसऱ्याच सकाळी दुकानावरून जाताना मी हात वर केला. भावाने पाहिले नाही, किंवा पाहिले नाही असे दाखविले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दुकानातील नोकराने मला हात केला. वाटणीचा प्रश्न सुटलेला नाही. कागद अजून कपाटात आहेत. चौथ्या दिवशी भाऊ गिऱ्हाइकाला साखर जोखून देत होता, उजवा हात तागडीवर गुंतलेला. मी हात केला. त्याने क्षणभर पाहिले आणि मान किंचित लवविली.

ज्याचा उजवा हात गुंतलेला असतो तो मानेनेच नमस्कार करतो, एवढे मला आता ठाऊक आहे.