काळी सायकल आणि वाकडे हँडल

सायकल घ्यायला आलेल्या माणसाला दुकानदार दोनच प्रश्न विचारतो: किती रुपयांपर्यंत आणि कुणासाठी. ही सायकल रोज कुठून कुठे जाणार, हा खरा महत्त्वाचा प्रश्न. पण तो विचारण्याची रीत नाही. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी माझ्या पुतण्याला भिलाईच्या पोलाद कारखान्यात एका ठेकेदाराकडे काम लागले आणि हा प्रश्न आमच्या घरी पंधरा दिवस मुक्कामाला येऊन राहिला. दुर्गच्या पूर्वेकडील वस्तीतून कारखान्याच्या फाटकापर्यंत एका बाजूचे अंतर दहा किलोमीटर. पाळ्या तीन: सकाळी सहाची, दुपारी दोनची, रात्री दहाची. मोटारसायकलीचे हप्ते त्याच्या मजुरीला पेलणारे नव्हते आणि रात्रपाळीला दुसऱ्या वाहनाची शाश्वती नव्हती. तेव्हा सायकल घ्यायची हे ठरलेलेच होते. कोणती, एवढेच ठरायचे होते.

"काका, मला ती वाकड्या हँडलची घ्यायची आहे," तो म्हणाला. शर्यतीच्या सायकलीसारखी दिसणारी, बारीक टायरची, मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले हँडल असलेली. मात्र त्या जातीतली सर्वांत स्वस्त. स्वस्त म्हणजे तरी साध्या काळ्या सायकलीच्या तिप्पट-चौपट किमतीची.

भिलाई हे सायकलीवर वाढलेले गाव आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी कारखान्याचा करार झाला, तेव्हा हा मुलूख ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे विदर्भातून जी माणसे इकडे आली, ती आपण परमुलखात चाललो आहोत अशा भावनेने आली नाहीत. माझे वडील भंडाऱ्याहून १९५८ साली आले. पुढच्याच वर्षी, ४ फेब्रुवारीला, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. सेक्टरांची आखणी रुंद रस्त्यांची, जमीन बहुतेक सपाट. सायकलीला याहून अधिक काय हवे? पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे, आणि त्या लोंढ्यात आपला बाप ओळखणे हा आम्हा मुलांचा खेळ असे. सायकली सगळ्या काळ्याच. इंजिनिअरही तीच चालवी आणि खलाशीही तीच.

पोलादाच्या या गावात सायकल मात्र तयार होत नाही. येथे रेल्वेचे रूळ होतात, जाड प्लेटा होतात, तारेच्या सळ्या होतात; पण सायकलीची नळी ज्या पातळ पट्टीपासून बनते ती येथे निघत नाही. सायकल आली ती लुधियान्याहून, सोनिपतहून, मद्रासजवळच्या अंबत्तूरहून. वडिलांची अ‍ॅटलस होती. सोनिपतला १९५१ साली सुरू झालेल्या त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता. बातमी वाचली तेव्हा वडील हयात नव्हते, याचे मला थोडे बरेच वाटले.

त्या काळ्या सायकलीची बाजू मी पुतण्यापुढे मांडली आणि ती मांडताना मला तिच्याविषयी नव्याने आदर वाटू लागला. वजन वीस किलोच्या आसपास, हे खरे. पण पुढच्या चक्राला ४८ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असले की पायडलच्या एका फेरीत ती पावणेसहा मीटरांहून थोडी पुढे जाते. सपाट रस्त्यावर माणसाला इतकेच पुरते. बसणे ताठ असते, त्यामुळे मागून ट्रक येतो की काय हे मान वळवून पाहता येते. जी. ई. रोडवरून रोज जाणाऱ्याला ही लहानसहान गोष्ट नव्हे. मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर, स्टँड हे सगळे किमतीतच येते. कॉटर पिन सैल झाली किंवा छर्रे झिजले, तर कोणत्याही चौकातला मिस्त्री झाडाखाली बसून अर्ध्या तासात काम करून देतो. वर्षातून एकदा 'ओव्हरऑइल' केले की झाले.

उलट स्वस्त रेसरमध्ये किंमत कमी करण्यासाठी कंपनीने कुठेतरी हात आखडता घेतलेलाच असतो. चौकट दिसते, तिचा रंग दिसतो. चाकाच्या तुंब्यातले छर्रे दिसत नाहीत. मडगार्ड नाही, आणि पुष्कळदा ते बसवायला चौकटीला छिद्रेही नाहीत. म्हणजे आषाढात मागच्या चाकाने उडवलेला चिखल पाठीवर नक्षी काढणार आणि त्याच कपड्यांत आठ तास काढायचे. नव्या चाकाची रिम ६२२ मिलिमीटर व्यासाची, जुन्या अठ्ठावीस इंची चाकाची ६३५ मिलिमीटरची. तेरा मिलिमीटरांचाच फरक. पण त्यापायी एकीचा टायर दुसरीला चढत नाही, आणि चौकातल्या मिस्त्रीकडे टायर टांगलेला असतो तो जुन्या मापाचा. काही महागड्या सायकलींच्या ट्यूबला तर अशी बारीक नळी असते की मिस्त्रीच्या पंपाचे तोंड तिच्यावर बसतच नाही. रात्री साडेनऊला हवा गेली तर हजेरी बुडाली. आणि ठेक्यावरच्या माणसाची हजेरी बुडाली म्हणजे रोजी बुडाली.

त्याची उत्तरेही अगदीच पोकळ नव्हती. नवी सायकल अकरा-बारा किलोची; दहा किलोमीटरांत दहा मिनिटे वाचतात. सकाळच्या पाळीसाठी चार वाजता उठणाऱ्याला दहा मिनिटांच्या झोपेची किंमत मी सांगू नये, असे तो म्हणाला. लू वाहत असते तेव्हा खाली वाकून बसलेला माणूस वाऱ्याला कमी अडतो. आणि ब्रेक! पावसात चकचकीत पोलादी रिम भिजली की दांडीब्रेकचे रबर तिच्यावरून नुसते घसरते. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर ते पकड घेते. या मुद्द्यावर मी निरुत्तर झालो. काळी सायकल पावसात थांबवण्यासाठी चप्पल रस्त्यावर घासणारी माणसे मी आयुष्यभर पाहिली आहेत.

पण खरे कारण तिसऱ्या दिवशी बाहेर आले. "काका, काळी घेतली की लांबूनच कळतं."

काय कळते, हे त्याने सांगितले नाही. सांगण्याची गरजही नव्हती. कायम कामगारांची संख्या वर्षानुवर्षे घटत गेली, जे उरले ते मोटारसायकलीवर आणि चारचाकीत गेले, आणि काळी सायकल राहिली ती ठेक्यावरच्या मजुराकडे. वाकड्या हँडलच्या सायकली रविवारी सकाळी मैत्रीबागेच्या बाजूने जाताना दिसतात. त्यांच्यावर हेल्मेट घातलेले साहेब लोक असतात, आणि ते कुठेच जात नसतात, व्यायाम करत असतात. वडिलांच्या वेळी जी वस्तू कुणाचीच पायरी सांगत नव्हती, तीच आज माणूस बोलण्याआधी त्याची पायरी सांगून टाकते. पंचविशीतल्या पदवीधर मुलाला हे सलत असेल तर ती चैन नव्हे. सायकल निवडण्याच्या कसोट्यांत वजन, दाते आणि टायर यांच्याबरोबर हीही कसोटी आहे, आणि मला ती नाकारता आली नाही.

तरीही वाकडे हँडल मला पटेना. खाली वाकलेल्या माणसाला अंधारातला खड्डा दिसतो, पण शेजारचा ट्रक दिसत नाही. शेवटी दुकानात कोपऱ्यात उभी असलेली तिसरीच सायकल पुढे आली: सरळ हँडल, चाके नव्या मापाची पण टायर पस्तीस मिलिमीटरचे, पोलादी चौकट, अ‍ॅल्युमिनियमच्या रिमा, तारेचे ब्रेक आणि मोटारसायकलीसारखा व्हॉल्व्ह, म्हणजे हवा कुठेही भरून मिळेल. गिअर नकोत असे मी म्हटले. सात असू देत असे तो म्हणाला. पैसे त्याचे होते. किंमत दोहोंच्या मधली झाली. एक जादा टायर आणि दोन ट्यूबा त्याच दिवशी घेऊन ठेवल्या.

मिस्त्रीने मडगार्ड बसवले, मागे लाल दिवा लावला, स्टँडही जोडला. कॅरिअर मात्र पुतण्याने लावू दिले नाही. डबा तो पाठीवरच्या पिशवीतून नेतो. वैशाखात फाटकापर्यंत पोचेतो शर्टाची सारी पाठ ओली होते, आणि डब्यातली भाजीही कधी कधी सांडते.