तिच्या सवडीची वेळ

मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ साली सुरू झाले, त्यामागचे कारण आजच्या मुलींना चमत्कारिक वाटेल. पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा दुखणे अंगावर काढणे पत्करणाऱ्या स्त्रिया त्या काळी पुष्कळ होत्या. म्हणून पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रियांचे व मुलांचे हे रुग्णालय उभे राहिले आणि ते स्त्री-डॉक्टरांच्या हाती सोपवण्यात आले. डॉ. एडिथ पेची यांनी ते सांभाळले. विलायतेहून डॉक्टर होऊन परतलेल्या रखमाबाईंनीही सुरतेस जाण्यापूर्वी काही काळ तेथे काम केले.

याच रुग्णालयाशी डॉ. अपर्णा हेगडे यांचे नाव आज जोडलेले आहे. स्त्रियांच्या मूत्रमार्गाचे व ओटीपोटाचे विकार हा त्यांचा विषय. त्यांची खरी ओळख मात्र शस्त्रक्रियागृहाबाहेर झाली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात निवासी डॉक्टर असताना, वेळीच माहिती मिळाली असती तर टळले असते असे माता-बालकांचे मृत्यू त्यांनी जवळून पाहिले. त्यातून २००८ साली ‘अरमान’ ही संस्था जन्मली.

संस्थेचा ‘एममित्र’ हा उपक्रम ऐकायला अगदी साधा आहे. तपासणीला आलेल्या गरोदर स्त्रीचे नाव नोंदवायचे, आणि मग दिवस भरत जातील तसतसा त्या त्या आठवड्याला लागू पडणारा, दीड-दोन मिनिटांचा ध्वनिमुद्रित निरोप तिच्या फोनवर विनामूल्य पाठवायचा. बाळ वर्षाचे होईपर्यंत हे चालते. लेखी संदेश नाही, कारण वाचता न येणारीही आई असते. स्मार्टफोनही लागत नाही.

खरे शहाणपण नावनोंदणीच्या वेळी विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नात आहे: तुम्हाला फोन कोणत्या वेळी यावा? लालबाग-परळच्या एका खोलीच्या संसारात पाणी भरणे, डबे, सासूची औषधे यांतून स्त्रीला मोकळी अशी घटका केव्हा मिळते, हे तिच्यावाचून कोण सांगणार? शिवाय घरातला एकुलता एक फोन पुष्कळदा नवऱ्याच्या खिशात असतो. तो कामावर गेला की निरोपही त्याच्याबरोबर जातो. म्हणून वेळ तिने सांगायची, भाषाही तिनेच. संगणकाच्या क्षेत्रात जाऊन लोकसेवा करू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी प्रोग्रामिंगच्या आधी हा प्रश्न विचारायला शिकावे.

पुढे केंद्र सरकारची ‘किलकारी’ ही अशीच सेवा चालवण्यातही २०१९ पासून अरमानचा सहभाग आला. तीत चौथ्या महिन्यापासून बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत ७२ निरोप असतात, आणि ते सांगते ‘डॉ. अनिता’ नावाची काल्पनिक डॉक्टरीण.

तरीही पुष्कळ जणी मध्येच ऐकणे सोडतात. अशा वेळी आरोग्यसेविकेने स्वतः फोन करून विचारपूस करावी लागते; पण सेविका थोड्या आणि माता लाखो. मग फोन करावा तरी कोणाला? यासाठी मिलिंद तांबे यांच्या नेतृत्वाखालील गूगलच्या संशोधकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेची एक पद्धत रचली. २३,००३ स्त्रियांवर सात आठवडे ती पडताळून पाहण्यात आली. ज्यांना पाळीपाळीने फोन केले, त्यांच्यात आणि ज्यांना मुळीच केले नाहीत त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. गणिताने निवडून फोन केलेल्या गटात मात्र गळती सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. पुढे ही पद्धत ‘सहेली’ या नावाने प्रत्यक्ष वापरात आली.

हे गणित नियमित ऐकणारीला वगळते, हे समजण्यासारखे आहे. पण फोन केला तरी जिच्या ऐकण्यात फरक पडण्याचा संभव नाही, तीही मागे राहते. आणि कदाचित तिलाच मदतीची सर्वांत जास्त गरज असेल. सेविकांची संख्या मोजकी असताना याहून न्याय्य वाटणी कशी करावी, हे सोपे नाही. नंबर बदललेली, फोनच हाती नसलेली, बाळंतपणाला गावी गेलेली अशी ती स्त्री यंत्राच्या यादीत बरीच खाली असते. तिचे दार ठोठवायला आजही कोणी आशाताईच चालत जाते.