पाय कुठे घसरला, ते सांगा

स्मरणिकेतील लेखांतून आपण बहुधा यशाच्या नोंदी करीत असतो. कोणती तुकडी कधी बाहेर पडली, कोण कोणत्या पदावर पोहोचले, कोणाच्या घरातील पहिली पदवी आपल्या वसतिगृहातून गेली, हे सारे लिहून ठेवलेच पाहिजे. कारण आपल्या माणसांच्या नोंदी दुसरे कोणी ठेवीत नाही, हा इतिहासाचा अनुभव आहे. या लेखात मात्र मी एका अपयशाच्या वहीविषयी लिहिणार आहे. ती वही आपल्याच एका माजी विद्यार्थ्याची असून, आपल्या शाळेतील मुले एका खेळात कुठे कुठे पडली एवढेच तिच्यात लिहिलेले आहे.

हा विद्यार्थी सध्या पुण्यात सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करतो. गेल्या वर्षी त्याने दोन मित्रांसह एका 'गेम जॅम'मध्ये भाग घेतला. अनेक पालकांना हा शब्द नवा असेल, म्हणून थोडे सांगते. ठरलेल्या मुदतीत, बहुधा ४८ किंवा ७२ तासांत, एक संपूर्ण संगणकीय खेळ तयार करायचा, असा हा उपक्रम असतो. विषय आयत्या वेळी जाहीर होतो. २००२ साली सुरू झालेला 'लुडम डेअर' हा त्यांतील जुना व प्रसिद्ध उपक्रम. त्याची एक पद्धत मला शिक्षिका म्हणून फार भावली. तेथे परीक्षक मंडळ नसते. स्पर्धकच एकमेकांचे खेळ खेळतात, गुण देतात आणि अभिप्राय लिहितात. पुरेशा जणांनी गुण दिल्याखेरीज खेळाला क्रमांक मिळत नाही. आणि आपल्या खेळाकडे इतरांनी वळावे असे वाटत असेल, तर आपणही इतरांचे खेळ मनापासून खेळावे लागतात.

आमच्या विद्यार्थ्याने केलेला खेळ 'प्लॅटफॉर्मर' या प्रकारातला होता. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडण्याच्या कॅसेटवाल्या खेळात ज्यांनी मारिओला उड्या मारायला लावले असेल, त्यांना हा प्रकार लगेच समजेल. धावायचे, उडी मारायची, एका कठड्यावरून दुसऱ्या कठड्यावर जायचे, आणि चुकले की खाली पडून पुन्हा आरंभ करायचा. याच्या खेळात एक मुलगी डोक्यावर घागर घेऊन खोल बारवेच्या तळातून पायऱ्या आणि कठडे चढत वर येते. उडी वेडीवाकडी झाली की पाणी सांडते.

सहस्पर्धकांनी त्याला बरेच अभिप्राय लिहिले होते. चित्रे सुंदर आहेत, कल्पना नवी आहे, मधला भाग जरा अवघड आहे, असा त्यांचा एकूण सूर होता. परंतु ती सारी मंडळी लहानपणापासून असे खेळ खेळलेली होती. जॅम संपल्यानंतर खेळाची सुधारलेली आवृत्ती करायची, तर ज्यांच्या हाताला या कळांची सवय नाही अशी मुले हवीत, असे त्याला वाटले, आणि एका रविवारी तो लॅपटॉप घेऊन आपल्या शाळेत आला. सातवी-आठवीची बारा मुले-मुली आळीपाळीने खेळली. तो मागे वही घेऊन बसला. त्याने स्वतःलाच एक नियम घालून घेतला होता : मुले खेळत असताना आपण एक शब्दही बोलायचा नाही. "मॅडम, खेळ उद्या लोकांच्या घरी जाईल तेव्हा समजावून सांगायला मी तिथे नसणार," असे त्याने मला हळूच सांगितले.

बारांपैकी नऊ जण एकाच कठड्यावर पडले. आठवीतील एक मुलगी तेथे पाच-सहा वेळा पडली आणि लॅपटॉप बाजूला सरकवून म्हणाली, "मला नाही येत, मॅडम. दुसऱ्याला द्या." एका मुलाने सुचवले, "दादा, पायऱ्या जवळजवळ आणा." दुसरा म्हणाला, "जास्त जीव द्या." त्याने सगळे लिहून घेतले.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. घटना घडत असताना लिहिलेले पत्र आणि अनेक वर्षांनंतर कोणाच्या आज्ञेवरून रचलेली बखर, यांचे वजन सारखे धरायचे नसते, हे आम्हाला आरंभीच शिकवले जाते. त्याची वही चाळताना मला याच भेदाची आठवण झाली. तिच्यात प्रत्येक पानावर दोन रकाने होते. एका रकान्यात मूल काय करीत होते आणि कुठे पडले, याची त्याच क्षणी केलेली नोंद. दुसऱ्यात मुलाने नंतर दिलेले मत. पहिला रकाना त्याने पुरावा मानला. दुसरा त्याने टाकून दिला नाही, तपासून पाहिला. साक्षीदाराला काय सोसावे लागले, याबाबत त्याचा शब्द मानायचा असतो. ते का घडले, हे शोधण्याचे काम मात्र अभ्यासकाचे.

त्या शोधात असे आढळले की अंतर फार नव्हतेच. मुले अगदी कडेपर्यंत धावत जात आणि पाय कठड्यावरून सुटल्यानंतर क्षणार्धाने उडीची कळ दाबीत. पाय हवेत आहे, म्हणून संगणक उडी नाकारी. मुलांच्या डोळ्यांना आपण कडेवरच होतो असे वाटे. यावर या क्षेत्रात एक जुना उपाय आहे. कठडा सुटल्यानंतरही थोडा वेळ उडी मान्य करायची. त्याला 'कोयोटी टाइम' म्हणतात. 'रोड रनर'च्या व्यंगचित्रपटांतील कोयोटी कड्यावरून धावत पुढे जातो आणि खाली पाहीपर्यंत हवेतच राहतो, त्यावरून हे नाव पडले. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटत असतील, तर सहा चित्रांची सवलत म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. खेळणाऱ्याला ती दिसतही नाही. पायऱ्या जवळ आणल्या असत्या तर बारवेची खोलीच गेली असती. जास्त जीव दिले असते तर मुले त्याच ठिकाणी अधिक वेळा पडली असती.

महिनाभराने तो बदललेला खेळ घेऊन आला. त्या मुलीला त्याने आधी एवढेच सांगितले, "मागच्या वेळी तू पडत होतीस ती चूक माझ्या उडीची होती. ती मी दुरुस्त केली आहे." ती तिसऱ्या प्रयत्नात तो कठडा ओलांडून गेली. वर पोहोचल्यावर थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "दादा, भरलेली घागर घेऊन कोणी एवढी उंच उडी मारतं का? रिकामी असताना उंच जाऊ दे, भरल्यावर कमी." सहस्पर्धकांच्या एकाही अभिप्रायात हा मुद्दा आला नव्हता. तो पाणी वाहून आणलेल्या मानेलाच सुचू शकतो. आता त्या खेळात घागरीचे वजन आहे.

याच प्रकारचा जगप्रसिद्ध दाखलाही त्याने मला दाखवला. 'सेलेस्ट' हा प्लॅटफॉर्मर मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी २०१५ साली एका गेम जॅममध्ये चार दिवसांत तयार केला. त्याचे विस्तारित रूप २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. डोंगर चढणाऱ्या मुलीचा हा खेळ अत्यंत कठीण म्हणून गाजला. पण कोयोटी टाइमसारख्या कितीतरी अदृश्य सवलती त्यात पेरलेल्या आहेत. शिवाय ज्यांना गरज असेल त्यांना खेळाचा वेग कमी करता येईल किंवा इजा टाळता येईल, अशी एक साहाय्यक सोयही त्यात आहे. त्या सोयीच्या आरंभीच्या सूचनेत, कठीणपणा हा या अनुभवाचा आवश्यक भाग असून प्रथम ही सोय न वापरता खेळावे, अशा आशयाची शिफारस होती. ज्यांचे शरीरच त्या वेगाला साथ देत नाही, त्यांना तिच्यातून आपला खेळ दुय्यम असल्याचे सुचवले जाते, हे निदर्शनास आले. २०१९ मध्ये ती सूचना बदलण्यात आली. आपल्या गरजेप्रमाणे नियम बदलून घेण्यासाठी ही सोय आहे, असा साधा आशय राहिला. खेळाच्या रचनेला हात लागला नाही. फक्त दोन-चार वाक्ये बदलली. परंतु ज्याला दारातच कमी लेखले गेले होते, त्याला त्या वाक्यांचे मोल कळते.

आपल्या वसतिगृहात येणारी अनेक मुले "मला नाही येत" हे वाक्य घरून पाठ करून येतात. पिढ्यानपिढ्या पायऱ्या दुसऱ्यांनी बांधल्या आणि घसरल्याचा दोष चढणाऱ्याच्या पायाला दिला गेला. म्हणूनच, बांधणाऱ्याने वही उघडून "कुठे पडलीस ते सांग" असे विचारणे, ही त्या मुलीच्या आयुष्यातील लहान घटना नव्हती. त्या प्रश्नानंतरच तिने स्वतःकडे पाहणे थांबवून खेळाकडे पाहिले, आणि सुधारणा सुचवणारी टीकाकार झाली.

तेव्हापासून धडा संपला की मी "समजले का?" असे विचारीत नाही. त्या प्रश्नाला सगळा वर्ग एका सुरात होकार देतो. "कोणत्या वाक्याला पाय घसरला?" असे विचारते. उत्तरे येतात. सनावळीचा एक तक्ता आणि दोन जुनी टिपणे त्या उत्तरांमुळे मला नव्याने लिहावी लागली.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपण वस्तू, पुस्तके, देणग्या घेऊन येता, त्यासाठी शाळा ऋणी आहेच. यापुढे आपण स्वतः घडवलेले काहीतरी घेऊन या. ते यंत्र असेल, नकाशा असेल, नाटकाची संहिता असेल किंवा खेळ असेल. ते अर्धवट असले तरी चालेल. ते या मुलांच्या हाती द्या, वही काढा आणि मागच्या बाकावर गप्प बसा.