रूफस नदीवर रस्ता अडला तेव्हा

सिडनीच्या बाजूची गुरंमेंढरं ॲडलेडला न्यायची तर १८३८ साली दोनच मार्ग होते: जहाजात भरा, नाहीतर चालवत न्या. जहाज महाग होतं आणि वाटेत जनावरं दगावत. त्या वर्षी जानेवारीत जोसेफ हॉडन आणि चार्ल्स बॉनी तीनशेंहून अधिक गुरं हाकत निघाले आणि एप्रिलच्या सुरुवातीला ॲडलेडला पोचले. दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाची होती. तिथे मांसाला आणि पैदाशीच्या जनावरांना चांगला भाव होता, तर न्यू साउथ वेल्स अवर्षणानं होरपळत होतं. हॉडन-बॉनींच्या पाठोपाठ एडवर्ड जॉन आयर आणि चार्ल्स स्टर्ट यांनीही कळप आणले. अशा व्यापाऱ्यांना ‘ओव्हरलँडर’ म्हणू लागले. ऑस्ट्रेलियाच्या लोककथांत आजही त्यांचं स्थान धाडसी वीरांचं आहे.

वसाहतकालीन ऑस्ट्रेलिया हा माझ्या अभ्यासाचा विषय. या वाटेवरचे अहवाल, रोजनिशा आणि गव्हर्नरांचा पत्रव्यवहार मी वाचत आले आहे. त्यांत जागोजागी ‘रानटी लोकांचे हल्ले’ भेटतात, आणि प्रत्येक हल्ला अचानक, अकारण झाल्यासारखा लिहिलेला असतो. तेच हल्ले तारखेनुसार नकाशावर मांडले की मात्र वेगळं चित्र दिसतं. मरे नदीच्या काठी राहणाऱ्या मरौरा आणि शेजारच्या समाजांनी १८४१ साली हा रस्ता अडवला होता. ही अडवणूक साडेचार महिने टिकली, आणि ती उठवण्यासाठी सरकारला एकामागून एक तुकड्या पाठवाव्या लागल्या.

हा रस्ता म्हणजे मुळात नदीचा काठ. मरेच्या खालच्या खोऱ्यात काठापासून थोडं दूर गेलं की खुरट्या युकॅलिप्टसचं कोरडं रान लागतं. तिथे पाणी नाही, चारा नाही. हजारो मेंढ्या दिवसाला काही मैलच चालतात आणि त्यांना पाणी लागतंच. त्यामुळे कळप नदीकाठची अरुंद हिरवी पट्टी धरूनच जायचा. नेमक्या त्याच पट्टीवर नदीकाठच्या लोकांचं सगळं जगणं उभं होतं. मासे तिथेच, पाणपक्षी तिथेच, ज्याची मुळं खायची आणि ज्याच्या धाग्यांची जाळी विणायची ते पाणकणीसही तिथेच. एक कळप गेला की काठ तुडवला जाई, पाणी गढूळ होई. पहिला कळप पाहुणा म्हणून खपला असेल, पण त्यामागून दुसरा आणि तिसराही आला.

नुकसान केवळ चाऱ्या-पाण्याचं नव्हतं. १८३६ साली सर्वेक्षक थॉमस मिचेलच्या तुकडीनं मरेच्या काठी, पुढे माउंट डिस्पर्शन म्हणून ओळखल्या गेलेल्या टेकडीपाशी, गोळीबारात किमान सात जणांना ठार केलं होतं. १८३९ साली मेंढ्या घेऊन आलेल्या अलेक्झांडर ब्यूकॅननच्या रोजनिशीत गोळीबाराच्या आणि आदिवासींच्या होड्या मोडून टाकल्याच्या नोंदी अगदी सहज येतात. नदीवर जगणाऱ्या माणसाची होडी मोडणं म्हणजे काय, हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. शिवाय कळपांबरोबरचे पुरुष आदिवासी स्त्रियांना ठेवून घेत आणि बदल्यात कबूल केलेलं अन्न, कपडे देत नसत. ही तक्रार नमूद करणारा अधिकारी होता मॅथ्यू मूरहाउस, दक्षिण ऑस्ट्रेलियातला सरकारी ‘आदिवासींचा संरक्षक’. याच संरक्षकाचं नाव पुढे वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवायचं आहे.

रूफस ही मरे आणि लेक व्हिक्टोरिया यांना जोडणारी छोटीशी नदी. स्टर्टनं १८३० साली नावेतून जाताना आपल्या लाल केसांच्या सोबत्यावरून, जॉर्ज मॅक्ले याच्यावरून, तिचं नाव ठेवलं. उत्तर काठानं येणाऱ्या कळपाला एकतर ती ओलांडावी लागे, नाहीतर तलावाला मोठा वळसा घालावा लागे. ओलांडताना मेंढ्या विखुरतात, बैलगाड्या चिखलात रुततात आणि बंदूकधारी माणसं दोन काठांवर वाटली जातात. त्या काळची बंदूक एकदा झाडली की पुन्हा भरायला वेळ लागे. रस्ता रोखायचा तर याहून सोयीची जागा त्या टापूत शोधून सापडली नसती.

१६ एप्रिल १८४१ रोजी हेन्री इनमनचा सुमारे ५,००० मेंढ्यांचा कळप या पट्ट्यात लुटला गेला. हा इनमन म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या पोलिसदलाचा पहिला प्रमुख, आदल्याच वर्षी पदावरून दूर झालेला. मेंढ्या परत आणण्यासाठी मे महिन्यात फील्डच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवक गेले आणि मार खाऊन परतले. मग मेजर टॉमस ओ’हॅलोरनची मोठी तुकडी निघाली. जूनमध्ये ती रूफसच्या जवळ पोचण्याआधीच चार्ल्स लँगहॉर्नच्या तांड्यावर हल्ला होऊन चार गोरे मारले गेले होते.

ओ’हॅलोरनचं नाव मराठी वाचकानं थोडं थांबून वाचावं. त्याचा जन्म बंगालमधल्या बहरामपूरचा. नेपाळच्या युद्धात तो लढला आणि १८१७-१८ साली, ज्या युद्धानं पेशवाई संपवली, त्या काळच्या मोहिमेतही तो होता. स्टर्टचा जन्मही हिंदुस्थानातलाच. कंपनी सरकारच्या मुलखात जन्मलेली, तिथे लढलेली माणसं ऑस्ट्रेलियात जमिनी घेत होती आणि सोबत आपला अनुभवही नेत होती.

पण हिंदुस्थानात जे उघडपणे युद्ध म्हणून लढता आलं, ते इथे तसं म्हणण्याची सोय नव्हती. १८४० साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कुरोंगच्या किनाऱ्यावर ‘मारिया’ हे जहाज फुटलं. वाचलेले प्रवासी मारले गेले, म्हणून याच ओ’हॅलोरननं गव्हर्नर गॉलरच्या हुकमावरून दोन आदिवासींना खटल्याविना फासावर लटकवलं. त्यावर इंग्लंडपर्यंत वाद गेला. आदिवासी जर राणीचे प्रजाजन, तर त्यांना न्यायालयाविना फाशी कशी? मे १८४१ मध्ये आलेला नवा गव्हर्नर जॉर्ज ग्रे हीच भूमिका धरून होता: प्रजेविरुद्ध युद्ध पुकारता येत नाही, गुन्हेगार असतील तर त्यांना पकडा. ऐकायला हे न्याय्य वाटतं. मात्र या तत्त्वाला दुसरी बाजू होती. जो प्रजाजन आहे त्याला आपला मुलूख नसतो, सीमा नसते आणि तहाची बोलणीही नसतात. रस्ता अडवणारा मरौरा माणूस आपोआप दरोडेखोर ठरला. त्याच्याशी ‘तुमच्या पाण्यावरून जायचं तर काय द्यावं?’ अशी बोलणी करायला कायद्यात जागाच उरली नाही.

म्हणून ऑगस्टमध्ये जी तुकडी गेली तिच्याबरोबर संरक्षक मूरहाउसच होता. विल्यम रॉबिन्सन २६ माणसं, ६,००० मेंढ्या आणि ५०० गुरं घेऊन येत होता. त्याला वाट मोकळी करून द्यायची होती. २७ ऑगस्टला दोन्ही गट रूफसवर भेटले. समोरून सशस्त्र आदिवासी येताना दिसल्यावर मूरहाउसनं सूत्रं पोलिस अधिकारी शॉच्या हाती दिली. एका बाजूला पोलिस, दुसऱ्या बाजूला रॉबिन्सनची माणसं, मध्ये पाणी आणि बोरूचं बेट. गोळीबार सुमारे पाव तास चालला. मूरहाउसच्या अहवालानुसार तीसच्या आसपास आदिवासी मेले, दहा जखमी झाले. गोऱ्यांपैकी एकही दगावला नाही. ॲडलेडच्या दंडाधिकाऱ्यांनी चौकशी करून ही कृती समर्थनीय ठरवली. आदिवासींच्या स्मृतीत मेलेल्यांचा आकडा याहून बराच मोठा आहे.

बहुतेक पुस्तकांत प्रकरण इथे संपतं. मला त्यानंतरची एक नोंद अधिक बोलकी वाटते. त्याच वर्षी सरकारनं आयरला मरेकाठी मूरुंडी इथे दंडाधिकारी म्हणून बसवलं. तो महिन्यातून एकदा आदिवासींना पीठ वाटू लागला. १८४५ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्यानं लिहिलं की गोरे लोक नेमक्या पाण्याच्या, सुपीक जागा व्यापतात आणि मग तिथल्या मूळच्या लोकांनाच घुसखोर मानतात. आयरला संत करायचं कारण नाही; १८६५ साली जमैकाचा गव्हर्नर असताना त्यानं बंड चिरडताना शेकडो माणसं मारवली. पण मूरुंडीचं ते पीठ कशाची कबुली होती? सरकारी कागदावर ते दान. हिशेबाच्या दृष्टीनं पाहिलं तर ती वाटेची जकात होती, उशिरा भरलेली आणि फार थोडी. सरकारला ती भरावीशी वाटली, कारण रस्ता बंद पडला की वसाहतीचं काय होतं हे एप्रिल ते ऑगस्ट या काळानं शिकवलं होतं.

लेक व्हिक्टोरिया आज पाण्याचा साठा म्हणून वापरला जातो. १९९४ साली पातळी खाली गेली तेव्हा काठावर आदिवासींची असंख्य दफनं उघडी पडली. किती पिढ्यांनी या पाण्याशेजारी आपली माणसं पुरली, याचा पुरावा मग कुणाला मागावा लागला नाही.

गेल्या काही दशकांत ऑस्ट्रेलियात या इतिहासाचा हिशेब नव्यानं मांडला जातोय. न्यूकॅसल विद्यापीठात लिंडल रायन यांच्या नेतृत्वाखाली कत्तलींचा नकाशा तयार झाला आणि २०१७ पासून तो सर्वांना पाहता येतो. २०२२ साली कॅनबेराच्या युद्धस्मारकानं सीमेवरच्या हिंसेला अधिक जागा द्यायचं जाहीर केलं. हे योग्यच आहे. फक्त कत्तलींच्या नकाशावर रूफसची एकच तारीख येते, २७ ऑगस्ट, आणि त्या तारखेला मरौरा केवळ मेलेले दिसतात. युद्धस्मारकात त्यांना जागा द्यायची असेल तर १६ एप्रिलपासून द्यावी. त्यांनी जागा निवडली होती, शत्रूची कमजोरी ओळखली होती आणि हजारो जनावरं एका फटक्यात वळवली होती. युद्ध लढणाऱ्यांची नोंद अशीच ठेवतात.