वांद्र्याची वकिलात

काशीयात्रेस निघालेल्या मंडळींस गावाच्या वेशीपर्यंत पोहोचवावयास जाण्याची आपल्याकडे जुनी चाल होती. वेशी गेल्या, तरी पोहोचविणे काही सुटलेले नाही. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांची हल्लीची वेस कोणती, असे कोणी विचारील तर आम्ही वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकेच्या वकिलातीकडे बोट दाखवू. २०२४ च्या जानेवारीत आमच्या पुतणीस घेऊन आम्ही तेथे जाऊन आलो. वडील बंधूंचे गुडघे धरलेले. म्हणून वहिनी आणि आम्ही अशा दोघांची पाठवणीस नेमणूक झाली होती. पुतणीस नोकरीचा व्हिसा पासपोर्टावर करून घ्यावयाचा होता.

जी मुलगी सात-आठ वर्षे अमेरिकेत आहे आणि तेथेच नोकरी करते, तिला आता परवाना कशाला, असा प्रश्न वाचकांस पडेल. आम्हांसही तो पडला होता. तिने समजावून सांगितले ते असे. व्हिसा ही दारावर दाखविण्याची चिठ्ठी होय. आत राहण्याचा हक्क ही निराळी बाब आहे. ती २०१६ साली विद्यार्थिनी म्हणून गेली. पुढे नोकरी लागली, तेव्हा तिचा दर्जा तेथल्या तेथेच बदलला. परंतु पासपोर्टावरील चिठ्ठी विद्यार्थिदशेतलीच राहिली आणि तिची मुदतही संपली. देश सोडला नाही तोवर काही अडत नाही. एकदा बाहेर पाऊल टाकले की नवी चिठ्ठी मिळाल्यावाचून परत प्रवेश नाही.

या एका बारकाव्याची किंमत आमच्या घराने पूर्वी मोजली आहे. २०२१ च्या मे महिन्यात, महासाथीच्या ऐन भरात, आमचे तीर्थरूप वारले. त्याच महिन्याच्या ४ तारखेपासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्या बहुतेक परकीयांस दार बंद केले होते. ते नोव्हेंबरात उघडले. नातीने यावे तर परत जाता येणार नाही, आणि न यावे तर आजोबांचे अखेरचे दर्शन नाही. ती आली नाही. दहाव्या दिवशी घाटावर कावळा शिवेना, तेव्हा वडील बंधूंनी नातीचे नाव घेतले, एवढेच येथे सांगतो. त्या दिवसापासून आमच्या मातोश्रींनी तिला ‘केव्हा येतेस’ असे दूरध्वनीवर विचारण्याचे सोडून दिले. आता मातोश्रींस चौऱ्याऐंशी वर्षे झाली होती, आणि नात आपण होऊन आली होती.

डेक्कन क्वीनने आम्ही दादरास उतरलो आणि पार्ल्यास मावशींकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी एका निराळ्या कार्यालयात बोटांचे ठसे व छायाचित्र झाले. छायाचित्र दोन इंच लांब, दोन इंच रुंद, पार्श्वभूमी पांढरी आणि डोळ्यांवर चष्मा नाही. लहानपणापासून चष्मा लावणारी मुलगी त्यात आम्हांसच ओळखू येईना.

तिसऱ्या दिवशी पहाटे वांद्रे स्थानकाच्या पूर्वेस उतरून आम्ही रिक्षा केली. कलानगरावरून जाताना उजाडत होते. जवळच साहित्य सहवास. मराठी लेखकांनी एकत्र येऊन वसविलेली ही वसाहत पाहण्याची आमची जुनी इच्छा. परंतु त्या दिवशी कोणाचे चित्त ठिकाणावर होते? पुढे मिठी नदीच्या काठी पूर्वी दलदल आणि तिवरांचे रान होते. १९७७ साली महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे या भागाचे नियोजन आले आणि चिखलावर काचेचे महाल उभे राहिले. अमेरिकेची वकिलातही २०११ च्या नोव्हेंबरात येथे आली. तत्पूर्वी ती ब्रीच कँडीस समुद्रकाठी, वांकानेरच्या राजेसाहेबांनी बांधलेल्या वाड्यात होती. आमच्या पिढीतील कित्येकांनी त्या वाड्याबाहेर पहाटेपासून रांगा धरल्या आहेत.

वकिलातीच्या दारात माणसाचे ओझे आपोआप हलके होते. पिशवी, दूरध्वनी, कोणतेही विजेचे यंत्र आत नेण्याची मुभा नाही. बाहेर पैसे घेऊन सामान सांभाळणारे लोक असतात. पण वहिनी जातीने आलेल्या असल्यामुळे आमचे ते काम वाचले. मुलीपाशी अखेर कागदांची एक चोपडी तेवढी राहिली. वहिनींनी रुमालात बांधून दिलेला अंगाऱ्याचा पुडाही तिने हसून परत केला आणि कपाळी बोट लावून ती रांगेत उभी राहिली.

त्या चोपडीत एका नोकरीमागचा केवढा खटाटोप साठविलेला असतो, हे आम्ही तेव्हाच जाणले. ‘एच-वन-बी’ नावाचा हा परवाना १९९० च्या कायद्याने अस्तित्वात आला. खाजगी कंपन्यांकरिता वर्षास ६५ हजार आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांकरिता आणखी २० हजार, एवढ्याच जागा. मागणारे त्याहून पुष्कळ अधिक, म्हणून सोडत निघते. सोडतीत नाव निघाल्यावर कंपनीने पगाराविषयी मजूर खात्याचा दाखला घ्यावयाचा आणि मग सरकारकडे अर्ज करावयाचा. तो मंजूर झाला की तीन वर्षे. वाढवून साधारणतः सहा. सर्वांवर कळस म्हणून २०५ डॉलर शुल्क भरून खिडकीपुढे उभे राहावयाचे, आणि काचेपलीकडील अधिकाऱ्याने दोन-चार मिनिटांत निकाल द्यावयाचा.

पदपथावर आमच्यासारखे पुष्कळ पालक उभे होते. बसावयास जागा नाही. परंतु ओळखी चटकन होतात. कोल्हापूरचे एक गृहस्थ तिसऱ्यांदा आले होते. त्यांनी आम्हांस एक खूण सांगितली : “मुलगी बाहेर आली की तोंडाकडे पाहू नका, हाताकडे पाहा. पासपोर्ट ठेवून घेतला असेल तर काम झाले. परत दिला असेल, तर बहुधा बिनसले.”

उभ्या उभ्या आम्हांस कल्याणच्या आनंदीबाई जोशी आठवल्या. १८८३ साली त्या वैद्यक शिकावयास अमेरिकेस गेल्या, तेव्हा तेथे उतरण्यास त्यांना व्हिसा लागला नाही. त्यांची अडवणूक केली ती आपल्याच समाजाने. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असे सांगणारे शास्त्री येथे गल्लोगल्ली होते. १८८६ साली पदवी घेऊन त्या परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास वारल्या. पुढे आपल्या लोकांचा विरोध मावळू लागला, तो तिकडचे दार लागले. १९१७ च्या कायद्याने हिंदी मजुरांस, आणि त्यांच्यासह बहुतेक सर्वांस, तेथे वस्ती करण्याची मनाई झाली. १९४६ साली ती उठली तेव्हा वर्षाकाठी अवघी शंभर माणसे घेण्याचे ठरले. १९६५ च्या कायद्याने दार खऱ्या अर्थाने किलकिले झाले. ज्या घरांत एके काळी परदेशगमनाबद्दल प्रायश्चित्त घ्यावे लागे, त्याच घरांतील वडीलधारी माणसे आज पहाटेपासून या पदपथावर उभी असतात.

येथे एक कबुली दिली पाहिजे. तासभर उभे राहिल्यावर आमच्या मनात असा विचार आला की, पासपोर्ट परत मिळाला तर काय वाईट? मुलगी घरी राहील. मातोश्रींच्या शेवटच्या दिवसांत नात उशाशी असेल. क्षणभराने या विचाराची आमची आम्हांसच लाज वाटली. वहिनींकडे पाहिले, तो त्यांनी मान वळविली. त्यांच्याही मनात तेच आले असावे. आम्ही एकमेकांस विचारले मात्र नाही.

मुलगी बाहेर आली. चोपडी काखेत, दोन्ही हात रिकामे. कोल्हापूरच्या गृहस्थांनी आमच्या आधीच अभिनंदन केले. वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि अंगाऱ्याची पुडी उघडली.

चार-पाच दिवसांनी पासपोर्ट हाती आला. पुण्यास पोहोचताच मातोश्रींनी नातीस जवळ बसवून घेतले.

“काय काय विचारले ग त्यांनी?”

“कंपनी कोणती, काम काय, पगार किती.”

“परत केव्हा येणार, हे नाही विचारले?”

“नाही आजी. शिकायला गेले तेव्हा विचारले होते. नोकरीला जाणाऱ्यांना नाही विचारत.”

मुलगी सांगत होती ते कायद्यास धरून होते. विद्यार्थ्यास आपण स्वदेशी परतणार, अशी अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. या नोकरीच्या परवान्यास ती अट नाही. मातोश्री थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “त्यांनी नाही विचारले, तर मी विचारते.”

मुलीने पासपोर्ट उघडून ती चिठ्ठी आजीस दाखविली. “हे बघ आजी. तिकडे राहायला मला याची गरज नव्हती. हे घेतले ते इकडे येता यावे म्हणून. या तारखेपर्यंत मी कितीही वेळा येऊ शकते.”

मातोश्रींनी भिंग मागविले. २०२६ च्या सप्टेंबरातील ती तारीख त्यांनी आमच्याकडून पोथीच्या वेष्टनाच्या आतील बाजूस लिहवून घेतली. २०२४ च्या दिवाळीत नात आठ दिवस येऊन गेली. पुढे १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी या परवान्याच्या नव्या अर्जांवर एक लक्ष डॉलरांचा भार घातल्याची वार्ता आली, आणि आमच्या घरी सर्वांची तोंडे उतरली. जुन्या परवानेवाल्यांस तो लागू नाही, असा खुलासा लवकरच झाला. परंतु तो येईपर्यंत मातोश्री पोथी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी ती वाचावयास उघडली नव्हती. वेष्टन सोडून त्या आतील तारीख पाहत होत्या.