मुक्काम पोस्ट टुकमकेरी

मुक्काम म्हटला की आपल्याला धर्मशाळा आठवते, लॉज आठवतो, नाहीतर नातेवाइकांचे घर. पण घरच मोटारीला जोडून न्यायचे आणि रात्री कुणाच्या तरी आवारात ते उभे करून त्यातच झोपायचे, हा प्रकार गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत मला ठाऊक नव्हता.

माझा मामा अमेरिकेत डॅलसला असतो. आजोबांना सोबत म्हणून मी त्याच्याकडे गेले होते. आजोबा एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. कराड-चिपळूण मार्गावर कुंभार्ली घाट त्यांनी किती वेळा उतरवला असेल, याची गणती नाही. पण डॅलसच्या त्या बंद घरात त्यांचा जीव रमेना. कुठे जायचे तर मामाने न्यायचे, कुणाशी बोलायचे तर मी बोलायचे. मनगटावरचे घड्याळ त्यांनी भारतातल्याच वेळेवर ठेवले होते. रोज सकाळी त्यांचा एकच प्रश्न, "परतीला किती दिवस राहिले गं?"

त्यांचे मन रमावे म्हणून मामाने ग्रँड कॅन्यनची सहल ठरवली आणि मित्राचा ट्रेलर मागून आणला. ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोलीच. त्यात गॅसची शेगडी, चिमुकली मोरी आणि रात्री पलंग होणारी बाके. दिवसभरात साडेचारशेहून अधिक मैल तोडून आम्ही न्यू मेक्सिको राज्यात शिरलो. तिथे घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते. आजोबा म्हणाले, "माझं बरोबर आहे!"

टुकमकेरी हे गाव जुन्या 'रूट ६६'वरचे. शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणाऱ्या या रस्त्याला १९२६ साली हा क्रमांक मिळाला. १९३० नंतरच्या दुष्काळात आणि धुळीच्या वादळांत उठलेली कितीतरी शेतकरी कुटुंबे याच वाटेने कॅलिफोर्नियाकडे गेली. पुढे गावाबाहेरून मोठा हमरस्ता झाला आणि १९८५ साली ६६ हा क्रमांकच रद्द झाला.

आमचा तळ या जुन्या रस्त्यालगतच होता. फाटकावरच्या निऑनच्या पाटीतली निम्मी अक्षरे विझलेली. कुंपणावर मोटारींच्या चाकांच्या जुन्या चकचकीत झाकण्या टांगलेल्या. पोहण्याच्या तलावात माती भरून मालकीणबाईंनी त्यात निवडुंग लावले होते. बाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी जाडजूड वहीत पेन्सिलीने आमची नावे लिहून घेतली आणि दोन झाडांमधली जागा दाखवली. तिथे विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याचे तोंड अशी सोय होती.

आता ट्रेलर मागे घ्यायचा होता. ट्रेलर डावीकडे न्यायचा तर मोटारीचे चक्र उजवीकडे फिरवावे लागते. मामा फिरवी एकीकडे आणि ट्रेलर जाई भलतीकडे. चार वेळा प्रयत्न झाले. शेजारपाजारची मंडळी खुर्च्या टाकून बघू लागली. मामा घामाघूम झाला.

"उतर खाली," आजोबा म्हणाले.

"नाना, ही गाडी वेगळी आहे. चक्र डाव्या बाजूला—"

"उसाची ट्रॉली काय वेगळी असते? उतर."

मामाने मालकीणबाईंकडे पाहिले. त्यांनी हातानेच 'चालू द्या' अशी खूण केली. आजोबा बसले. गाडीला क्लच नव्हता, त्यामुळे त्यांचा डावा पाय क्षणभर काहीतरी शोधत राहिला. मग त्यांनी मला हाक मारली, "कंडक्टर, मागे जा!"

मी मागे उभी राहून ओरडू लागले, "येऊ द्या... येऊ द्या... बास!" एका दमात ट्रेलर जागेवर! आजोबांनी उतरून चाकांना स्वतः दगड लावले. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा ते चक्क लाजले.

शेजारी एका जोडप्याचा 'एअरस्ट्रीम' नावाचा चंदेरी ट्रेलर होता. रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे हे ट्रेलर १९३६ पासून निघतात. आजोबांनी पत्र्यावरून हात फिरवला. "आमच्या दापोडीच्या वर्कशॉपातही गाड्यांना असाच पत्रा मारायचे," ते म्हणाले. मी ते इंग्रजीत सांगितले. मग काय, त्या गृहस्थांनी त्यांना आत नेऊन सगळा ट्रेलर दाखवला. दोघांची भाषा एक नव्हती. पण तासाभराने मी बोलवायला गेले, तर दोघे टॉर्च घेऊन चाकाशी वाकले होते. माझी कुणालाच गरज नव्हती.

रात्री पिठले-भात झाला. दूरवरून मालगाडीचा भोंगा येत होता. काळोखात मामा हळूच म्हणाला, "नाना, लहानपणी मी तुमच्या गाडीत पुढे बसायला रडायचो, आठवतं?" बराच वेळ उत्तर आले नाही. मला वाटले, झोपले असावेत. मग आवाज आला, "बसू द्यायला पाहिजे होतं. पण कायदा होता."

माणसाला दूरदेशी पाहुणचार हवा असतो, असे आपण समजतो. त्याला एखादे काम हवे असते, हे आमच्या लक्षातच आले नव्हते.

सकाळी मामाने किल्ली पुढे धरली. "फाटकापर्यंत तुम्हीच न्या, नाना."

आजोबांनी चाकांचे दगड काढले, आरशात पाहिले आणि मला हाक दिली, "डबल मार!" मी ट्रेलरवर दोनदा थाप मारली आणि गाडी हलली.

परतीला किती दिवस राहिले, हे त्या दिवशी त्यांनी विचारले नाही.