बस्त्याच्या दिवसांत बदलीचा अर्ज

संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात बदलीची चौकशी करायची म्हणजे जिल्हा परिषदेत जायचं, हे गावाला ठाऊक आहे. बदल्यांचा हंगाम आला की तिथे गुरुजींचे आणि बाईंचे घोळके दिसतात. संवर्ग एक, संवर्ग दोन, अवघड क्षेत्र, पती-पत्नी एकत्रीकरण, 30 किलोमीटरची अट ही सगळी भाषा त्यांना तोंडपाठ असते. सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांसाठी राज्यात 2005 चा कायदा आहे: एका जागी साधारण तीन वर्षं आणि बदल्या शक्यतो एप्रिल-मेमध्ये. शिक्षकांच्या बदल्यांसाठी 2017 पासून ऑनलाइन पद्धत आली. त्यावरून भांडणं होतात, कोर्टकचेऱ्या होतात. पण भांडायला समोर नियम तरी असतो.

तिथून गुलमंडी, पैठण गेट, निराला बाजार, टिळक पथ सगळं पायी अंतरावर. या पट्ट्यातल्या दुकानांत काउंटरमागे उभ्या असलेल्या मुला-मुलींचीही गावं बदलतात. कुणाचं लग्न ठरतं आणि नवरा चाकणच्या कंपनीत असतो. कुणाचे वडील जातात आणि आईजवळ परभणीला परतावं लागतं. पण अर्ज कोणाकडे करायचा, अर्ज असा काही प्रकार असतो का, हेच त्यांना माहीत नसतं. ती सरळ राजीनामा लिहून देतात. कपड्यांच्या एका साखळीत मी मराठवाड्यातल्या दुकानांचा कर्मचारी विभाग सांभाळते, आणि माझ्या कामातला बराच भाग हे राजीनामे अडवण्यात जातो.

राजीनामा लिहिण्यात मुलींची चूक नाही. लग्न ठरलं की बाईनं नोकरी सोडायची हे इतकं गृहीत होतं की भविष्य निर्वाह निधीच्या 1952 च्या योजनेतही ते उमटलं आहे. नोकरी सुटल्यावर पैसे काढायला दोन महिने थांबण्याची अट होती. लग्नासाठी राजीनामा देणाऱ्या स्त्रीला मात्र ती माफ. सवलत चांगल्या हेतूनं दिली असेल. तिचा परिणाम मी बघितला आहे: पीएफ आणि पेन्शनचा पैसा निघतो, लग्नाच्या खर्चात जातो आणि पेन्शनसाठी लागणाऱ्या 10 वर्षांच्या सेवेची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. ग्रॅच्युइटीचं तेच. 1972 च्या कायद्यापासून चालत आलेली पाच वर्षांची अट एकाच मालकाकडच्या सलग नोकरीला लागू होते, मग ती नोकरी त्याच्या कोणत्याही शाखेत झालेली असो. चार वर्षं औरंगपुऱ्यात आणि दोन वर्षं पुण्यात काढलेल्या मुलीला ग्रॅच्युइटी मिळते, मधे राजीनामा आला तर मिळत नाही. बाळंतपणाच्या रजेसाठी मागच्या 12 महिन्यांत त्या मालकाकडे 80 दिवस काम झालेलं असावं लागतं. बदली झालेल्या मुलीचे जुन्या दुकानातले दिवसही त्यात धरले जातात. साठलेली हक्काची रजासुद्धा तिच्यासोबत जाते.

म्हणून माझा पहिला प्रश्न एकच असतो: नवीन पत्रावर एम्प्लॉयी कोड तोच आहे का? कोड तोच असेल तर बदली. कोड बदलला असेल तर पत्राच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत ‘बदली आदेश’ छापलेलं असलं तरी ती नवीन नोकरीच समजायची.

आणि इथेच सगळ्यात मोठी गोची आहे. पाटी तीच असते, मालक वेगळा असतो. आपल्यासारख्या शहरांत नावाजलेल्या ब्रँडच्या बऱ्याच शोरूम फ्रँचायझीच्या असतात. नाव कंपनीचं, गुंतवणूक इथल्या एखाद्या व्यापाऱ्याची, पगारही तोच देतो. तिथली मुलगी पुण्यात त्याच ब्रँडच्या दुकानात गेली तरी तिथला मालक तिसराच कोणीतरी. तिची बदली होऊ शकत नाही; फार तर ओळखीनं नवी नोकरी लागते. दुसरा प्रकार प्रमोटरचा. सौंदर्यप्रसाधनांच्या, अंतर्वस्त्रांच्या, मोबाइलच्या काउंटरवर उभी असलेली मुलगी अनेकदा दुकानाची नसतेच. ती मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीची असते. गणवेश, हजेरी, वरिष्ठांची बोलणी सगळं दुकानाचं, बदलीच्या वेळी मात्र तिला कळतं की आपण या घरच्या नाही.

हे आधीच कळावं यासाठी मी मुलींना एक युक्ती सांगते. दोन्ही गावच्या दुकानांची बिलं मिळवा आणि जीएसटी क्रमांक शेजारी शेजारी ठेवा. 15 अक्षरांच्या त्या क्रमांकात पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27, तेलंगणाचे 36. पुढची 10 अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. संभाजीनगरच्या आणि हैदराबादच्या बिलावर ती 10 अक्षरं जुळली तर मालक एक. नाही जुळली तर पाटीवर विसंबू नका. पीएफच्या पासबुकातही आस्थापनेचं नाव असतं, पण ते उघडून बघणारं क्वचितच कोणी भेटतं.

उलटा प्रकारही घडतो. फेब्रुवारी 2022 मध्ये रिलायन्सनं फ्यूचर समूहाची दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली, तेव्हा माणसं होती तिथेच होती आणि डोक्यावरची पाटी बदलली. त्या महिन्यांत दुसऱ्या साखळ्यांतल्या मुलीसुद्धा मला विचारायच्या, मॅडम, आमचं काय होणार? त्या वर्षी पासबुकं जरा जास्त उघडली गेली.

समजा मालक एकच आहे. तरी बदली सोपी नसते, कारण ती दोन मॅनेजरांच्या मधे अडकते. प्रत्येक दुकानाला विक्रीच्या टार्गेटप्रमाणे माणसं मंजूर असतात, त्या आकड्याबाहेर एकही घेता येत नाही. इथला मॅनेजर म्हणतो, दिवाळी होऊ दे, मग बघू. तिथला म्हणतो, चार वर्षांच्या पगारावर ही येणार, त्यापेक्षा कमी पैशांत मला नवी मुलगी मिळते. दोघंही आपापल्या जागी खोटं बोलत नाहीत. नेमणूकपत्रात ‘कंपनी भारतात कुठेही बदली करू शकेल’ हे कलम जवळपास सगळीकडे असतं; कर्मचाऱ्याच्या विनंतीवरून बदली होईल असं कलम शोधून सापडत नाही. विनंती बदलीला जाण्यायेण्याचा आणि सामानाचा खर्चही मिळत नाही.

त्यात पंचांग आडवं येतं. तुळशीची लग्नं लागली की लगीनसराई सुरू. ज्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे, तिचा अर्ज दसऱ्याच्या सुमारास येतो, म्हणजे दिवाळीचा रोस्टर लागलेला असतो आणि सुट्ट्या बंद असतात तेव्हा. दुसऱ्यांच्या लग्नाचे कपडे विकण्याची वेळ आणि स्वतःचं लग्न, दोन्ही एकाच मोसमात. म्हणून मी म्हणते, लग्न ठरल्या दिवशी तोंडी तरी सांगा, साखरपुड्याची वाट बघू नका. आणि जिथे जायचंय तिथे नवीन दुकान उघडणार आहे का ते विचारा. चालू दुकानात जागा करावी लागते. नव्या दुकानाला सुरुवातीला काम येणारी माणसं हवीच असतात, तेव्हा तोच मॅनेजर फोन करून माणसं मागतो.

मला खरा राग येतो तो यापुढच्या गोष्टीचा. बदली होते, पत्र निघतं, पण त्या मुलीला काय येतं हे कागदावर कुठेच नसतं. औरंगपुऱ्यातल्या कपड्यांच्या दुकानात बस्ता म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. कन्नड, वैजापूर, सिल्लोड, पैठणकडून लग्नाच्या कपड्यांसाठी गाड्या भरून माणसं येतात. त्यात पैसे देणारा एक, पसंत करणारी दुसरी आणि मोडता घालणारा तिसरा. जुनी सेल्सवाली गादीवर सगळे बसेपर्यंत या तिघांना हेरते. मोडता घालणाऱ्या मामांना ती सगळ्यात आधी ‘मामा, तुम्हीच सांगा’ म्हणून कामाला लावते. मानपानाच्या साड्या किती आणि कितीपर्यंतच्या, हे ती पाणी देता देता विचारून घेते. आमच्याकडची एक ताई शालू कधीच आधी उघडत नाही. शालू उघडला की दोन तास गेले, बजेट संपलं, मग मानपानाच्या साड्यांवर वधूपित्याचा आवाज चढतो. ती आधी मानपान उरकते, गठ्ठा बांधून नजरेआड ठेवते, चहा मागवते आणि मग शालू. पदर नवरीच्या नव्हे, आत्याच्या खांद्यावर टाकते, कारण नवरी लाजून काहीच बोलत नाही आणि आत्या लगेच बोलते. त्याच वेळी शेजारच्या गिऱ्हाइकाशी दखनी हिंदीत भाव चालू असतो, आणि उलगडलेल्या साडीची घडी छातीशी धरून, बोलता बोलता, न बघता पडत असते.

अशी बाई पुण्याच्या मॉलमधल्या दुकानात बदलून गेली. तिथे तिला ट्रायल रूमच्या दाराशी कपड्यांच्या संख्येचे बिल्ले वाटायला उभं केलं. ट्रायल रूमचं काम हलकं नाही, पण त्यासाठी ही बाई लागत नाही. इन्सेन्टिव्ह विक्रीवर मिळतो, दारात उभं राहून विक्री लागत नाही, आणि पुण्याचं भाडं तर महिन्याला द्यावंच लागतं. तेव्हापासून मी प्रत्येक बदलीपत्रासोबत कामाचा एक कागद जोडते. त्यावर साध्या मराठीत लिहिते: हिला बस्ता येतो, काठपदर आणि पैठणी दोन्ही चालवते, उर्दूमिश्रित हिंदी बोलते, कॅश येत नाही. हे शेवटचंही लिहिते, नाहीतर पहिल्याच आठवड्यात बिलिंगला बसवतात आणि संध्याकाळी गल्ल्यात फरक येतो. लक्ष्मी रोडच्या दुकानाला ‘बस्ता येतो’ एवढं पुरतं. मॉलवाल्यांना फोन करून समजवावं लागतं.

कागदांचं एक किरकोळ वाटणारं, पण वर्ष खाणारं प्रकरण नावाचं आहे. लग्नानंतर आधारवर नाव-आडनाव बदलतात आणि पीएफच्या खात्यात माहेरचं राहतं. दोन्ही जुळेनात की पुढचं सगळं अडतं. बदली आधी पूर्ण करा, नवीन दुकानातला पहिला पगार आणि पीएफचा हप्ता जमा झालेला बघा, मगच नावाला हात लावा. बदलायचंच असेल तर सगळीकडे एकदम बदला. पुष्कळ मुली आता बदलतच नाहीत, हा सोपा मार्ग. ईएसआयचा क्रमांक तोच राहतो, फक्त दवाखाना नव्या पत्त्याप्रमाणे बदलून घ्यायचा.

गावाबाहेरच्या बदल्यांची निदान चर्चा तरी होते. खरं तर सगळ्यात जास्त अर्ज गावातल्या गावात असतात: औरंगपुऱ्यातून चिकलठाण्याकडच्या मॉलमध्ये किंवा तिथून इकडे. बाजारातलं दुकान आणि मॉल यांची बंद होण्याची वेळ वेगळी. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि घरी पोचवण्याची व्यवस्थाही हवी. कागदावर संमती असते. गाडी चौकापर्यंत सोडते, तिथून पुढे वाळूजला, पडेगावला ती कशी जाते हे रोस्टरमध्ये दिसत नाही. मग काही महिन्यांनी बदलीचा अर्ज येतो आणि कारणाच्या रकान्यात लिहिलेलं असतं ‘वैयक्तिक’. मी तो परत पाठवते. ‘वैयक्तिक’ या कारणावर मला काही करता येत नाही. शेवटची बस किती वाजता सुटते आणि शटर किती वाजता पडतं, या दोन वेळा लिहून आणा म्हणते. त्या घेऊन मला एरिया मॅनेजरच्या समोर बसता येतं.